नाताळची घरगुती पार्टी: आखणीपासून आवराआवरीपर्यंत

नाताळची पार्टी म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी सजावट येते, मग केक, मग भेटवस्तू, आणि आखणीही त्याच क्रमाने सुरू होते. पार्टी रंगणार की नाही हे मात्र पाहुणे आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात यजमान कुठे आहे यावर ठरते. यजमान दाराशी असेल, आलेल्याच्या हाती पेय देऊन त्याची कोणाशी तरी गाठ घालून देत असेल, तर मंडळी आपसूक मोकळी होतात. तो ओव्हनसमोर घामाघूम होऊन उभा असेल, तर पाहुणे कोपरे धरून मोबाइल चाळत बसतात. म्हणून पुढच्या प्रत्येक सूचनेला एकच कसोटी लावली आहे: हे काम ऐन पार्टीत यजमानाला अडकवून ठेवील का? ठेवणार असेल, तर ते आधी उरकावे, दुसऱ्याकडे सोपवावे किंवा सरळ गाळावे.

तारीख, वेळ आणि प्रकार

पार्टी २५ डिसेंबरलाच झाली पाहिजे असा आग्रह धरू नये. २४ तारखेच्या रात्री अनेक कुटुंबे मध्यरात्रीच्या उपासनेला जातात, २५ ला दुपारचे जेवण जवळच्या नातलगांत असते, आणि त्या दोन दिवसांत मित्रमंडळींना बोलावले तर बरेच जण भिडेखातर हो म्हणतात आणि पाय लावून जातात. कुटुंब आणि मित्र या दोघांनाही एका छताखाली आणायचे असेल तर नाताळच्या आधीचा शनिवार सोयीचा असतो. फारसा कोणाला न सुचणारा, पण माझ्या मते त्याहून चांगला काळ म्हणजे २६ डिसेंबरपासून ५ जानेवारीपर्यंतचा. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत नाताळ हा बारा दिवसांचा काळ मानला जातो आणि ६ जानेवारीला प्रभुप्रकटीकरणाच्या सणाने त्याची सांगता होते. ज्युलियन दिनदर्शिका पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर नाताळच ७ जानेवारीला येतो. म्हणजे २८ किंवा २९ तारखेला ठेवलेली पार्टी उशिराची ठरत नाही, आणि तोवर लोकांची धावपळही संपलेली असते.

पार्टीचा प्रकार जागा आणि खुर्च्या पाहून निवडावा. टेबलाभोवती बसून जेवण द्यायचे असेल तर आठ ते दहा माणसे पुरेत. त्यापुढे टेबलाच्या एका टोकाचे बोलणे दुसऱ्या टोकाला ऐकू जात नाही आणि एकाच पंगतीच्या दोन होतात. पंधरा ते पंचवीस माणसांसाठी हातात ताटली घेऊन खाण्याची व्यवस्था करावी, मात्र निदान निम्म्या लोकांना टेकता येईल एवढी बैठक असावी आणि ज्येष्ठांसाठी पाठ असलेल्या खुर्च्या आधीच राखून ठेवाव्यात. तिसरा प्रकार ये-जा करण्याचा: चार ते आठ या वेळेत ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने यावे. पाहुणे जास्त आणि घर लहान असेल तेव्हा हा प्रकार उत्तम, पण त्यात सर्वांनी मिळून खेळायचे खेळ बसत नाहीत, हे लक्षात घेऊन तो निवडावा.

वेळ ठरवताना घरात येणाऱ्या सर्वांत लहान मुलाचा विचार आधी करावा. दोन-चार वर्षांची मुले असतील तर संध्याकाळी चार ते साडेसात ही वेळ गाठावी. रात्री आठला सुरू होणाऱ्या पार्टीत त्यांचे आईवडील साडेनऊला रडणारे मूल खांद्यावर घेऊन निघतात. निमंत्रणात सुरू होण्याच्या वेळेबरोबर संपण्याची वेळही लिहावी. ते रुक्ष वाटेल अशी भीती अनेकांना वाटते, पण पाहुण्यांना त्याने उलट बरे वाटते, कारण कधी उठले तर चालेल हा अंदाज त्यांना करावा लागत नाही.

पाहुण्यांची यादी आणि निमंत्रण

यादी करताना प्रत्येक नावापुढे एक प्रश्न विचारावा: या माणसाला इथे आणखी कोण ओळखते? ज्याच्यापुढे यजमानाखेरीज एकही नाव येत नाही, अशा पाहुण्यासाठी एक सोबती आधीच ठरवून ठेवावा. नातेवाईक, कार्यालयातले मित्र आणि शेजारी असे तीन गट एकत्र येणार असतील तर हे काम आवर्जून करावे, कारण गट आपापल्या कोपऱ्यात बसले की त्यांना नंतर उठवणे कठीण जाते.

निमंत्रण तीन ते चार आठवडे आधी जावे, कारण डिसेंबरमधल्या सुट्टीच्या संध्याकाळी लवकर भरतात. उत्तराची अंतिम तारीख पार्टीच्या दहा दिवस आधीची ठेवावी आणि त्यानंतर ज्यांचे उत्तर नाही त्यांना फोन करावा. समूह-संदेशावर पुन्हा पुन्हा आठवण टाकल्याने नेमक्या त्याच माणसांचे लक्ष जात नाही. निमंत्रणातच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: किती मोठी माणसे आणि किती मुले येणार, कोणाला काय खायचे नाही किंवा चालत नाही, आणि घरात पाळीव प्राणी असेल तर त्याची ॲलर्जी किंवा भीती कोणाला आहे का. मजकूर साधा असावा. उदाहरणार्थ: ‘शनिवारी संध्याकाळी पाच ते नऊ आमच्याकडे नाताळची पार्टी आहे. सहा वाजता मुलांचे खेळ, साडेसातला जेवण. भेटवस्तूंची अदलाबदल आहे, त्याचा तपशील वेगळा कळवतो. येताना मोकळ्या हाताने या.’

शेवटचे वाक्य लिहिले तरी ‘काय आणू?’ हा प्रश्न येणारच. त्यावर ‘काही नको’ म्हटले की चार घरांतून चार केक येतात. त्यापेक्षा देण्याजोग्या वस्तूंची छोटी यादी फोनजवळ ठेवावी: बर्फ, फळांचा रस, ब्रेड, कागदी रुमाल, घडीच्या खुर्च्या, स्पीकर. ज्या पदार्थावर जेवणाची वेळ अवलंबून आहे तो मात्र कोणाकडे सोपवू नये, कारण तो आणणारा वाहतुकीत अडकला तर सगळ्यांना ताटकळत बसावे लागते.

सहा आठवडे आधीपासूनची कामे

सर्वांत लांबचे काम केकचे आहे. पारंपरिक फळांचा केक घरी करायचा असेल तर तो नाताळच्या चार ते सहा आठवडे आधी भाजून मुरत ठेवला जातो. इंग्लंडमध्ये नाताळच्या पुडिंगचे मिश्रण ढवळण्यासाठी आगमनकाळाच्या (नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या काळाच्या) आधीचा शेवटचा रविवारच ठरलेला आहे. मनुका, बेदाणे, चेरी आणि संत्र्याची साल रम किंवा ब्रँडीमध्ये निदान एक रात्र भिजवावी, केक भाजून पूर्ण थंड झाल्यावर बटर पेपर आणि फॉइलमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवावा, आणि दर आठवड्याला वरून एक-दोन चमचे मद्य शिंपडावे. मद्य नको असेल तर फळे संत्र्याच्या रसात भिजवावीत, पण तो केक महिनाभर बाहेर टिकत नाही. तो पार्टीच्या दोन-तीन दिवस आधी करावा किंवा आधी करून फ्रीजरमध्ये ठेवावा. मद्य घातलेला केक भाजल्यामुळे पूर्णपणे मद्यविरहित होत नाही, आणि वरून शिंपडलेले तर तसेच राहते, म्हणून मुले, गर्भवती स्त्रिया आणि मद्य वर्ज्य असलेले पाहुणे यांच्यासाठी दुसरा गोड पदार्थ वेगळ्या ताटलीत असलाच पाहिजे.

तीन आठवडे आधी निमंत्रणे आणि भेटवस्तूंच्या चिठ्ठ्या, दोन आठवडे आधी सजावटीच्या माळा लावून पाहणे, एक आठवडा आधी टिकाऊ किराणा आणि फ्रीजमधली जागा मोकळी करणे, दोन दिवस आधी ताजा बाजार, आदल्या दिवशी चिरणे, मॅरिनेट करणे, गोड पदार्थ आणि टेबल मांडणे. फ्रीजची जागा हा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण ऐन वेळी पंधरा जणांचे सॅलड कुठे ठेवायचे या प्रश्नावर अनेक यजमान हतबल झालेले दिसतात.

खाणेपिणे

जेवणाचा बेत ठरवताना एक नियम पाळला तर निम्मा ताण जातो: ऐन वेळी गरम करून वाढायचे पदार्थ दोनच असावेत, बाकीचे सगळे थंड किंवा कोमट वाढता येणारे असावेत. एक भरभक्कम मुख्य पदार्थ मांसाहारी, एक तितकाच भरभक्कम शाकाहारी, दोन सॅलड, ब्रेड, चीज आणि फळे, आणि दोन गोड पदार्थ, एवढे पुरे होते. शाकाहारी पाहुण्यांना कडेच्या पदार्थांवर भागवायला लावू नये. त्यांच्यासाठीही ताटाच्या मध्यभागी ठेवण्यासारखे काही असावे, जसे भाजलेल्या भाज्यांचा पाय (पिठाच्या कवचात भरून भाजलेला पदार्थ) किंवा मशरूम आणि अक्रोड भरलेला रोल.

टर्की भाजणार असाल तर गणित आधी कागदावर करावे. अख्खा पक्षी घेताना माणशी सुमारे अर्धा किलो कच्चे वजन धरतात. गोठवलेल्या पक्ष्याचा बर्फ फ्रीजमध्ये सुटायला दर दोन किलोंमागे साधारण २४ तास लागतात, म्हणजे पाच किलोंची टर्की पार्टीच्या आदल्या दिवशी बाहेर काढून उपयोग नाही, ती तीन दिवस आधी फ्रीजरमधून फ्रीजमध्ये यायला हवी. ती ओट्यावर ठेवून सोडवू नये, कारण आतला भाग गोठलेला असतानाच बाहेरच्या मांसावर जंतू वाढू लागतात. भाजून झाली की नाही हे रंगावरून ठरवू नये. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसावा आणि ७४ अंश सेल्सिअस दिसल्यावरच बाहेर काढावी.

ओव्हन एकच असतो आणि पदार्थ चार असतात, त्यामुळे त्याचे वेळापत्रक उलटीकडून मांडावे. समजा जेवण साडेसातला आहे आणि मुख्य पदार्थाला अडीच तास भाजणे आणि अर्धा तास तसेच ठेवणे लागते. म्हणजे तो साडेचारला ओव्हनमध्ये गेला पाहिजे, आणि ओव्हन तापायला वीस मिनिटे धरली तर चार वाजून दहा मिनिटांनी बटण दाबले पाहिजे. सातला तो बाहेर येतो आणि फॉइलखाली मुरत राहतो. याच अर्ध्या तासात ओव्हन मोकळा असतो, म्हणून आधीच उकडून तेल लावून ठेवलेले बटाटे आणि ब्रेड तेव्हा आत जातात. हा कागद ओव्हनच्या दारावर चिकटवून ठेवावा, म्हणजे यजमान दाराशी असला तरी घरातले दुसरे कोणीही तो पाहून काम पुढे नेऊ शकते.

प्रमाणाचा अंदाज असा धरावा. जेवण नसून फक्त खाऊ असेल तर माणशी तासाला पाच ते सहा छोटे घास. जेवण असेल तर त्याआधी तीन-चार पुरेत, कारण आधीच पोट भरले तर मुख्य पदार्थ उरतो. एक किलोचा केक दहा-बारा जणांना पुरतो, आणि फळांचा केक जड असल्याने तो त्याहूनही जास्त जणांना. पेये पहिल्या तासात माणशी दोन आणि पुढे तासाला एक धरावीत. बर्फ नेहमीच कमी पडतो. माणशी अर्धा किलो हे प्रमाण ऐकायला अवास्तव वाटते, पण त्यातला बराच बर्फ बाटल्या गार ठेवण्यातच जातो.

गरम पेयासाठी सफरचंदाचा रस, दालचिनी, लवंग आणि संत्र्याच्या चकत्या मंद आचेवर ठेवाव्यात. घरभर दरवळणारा तो वास सजावटीचे अर्धे काम करतो. मोठ्यांसाठी रेड वाइनचे तसेच पेय करायचे असेल तर ते उकळू देऊ नये, कारण त्यातले मद्य ७८ अंशांच्या आसपास उडून जाते आणि मसाला कडवट होतो. कच्चे अंडे असलेले एगनॉग (दूध आणि अंड्यांचे गोड पेय) लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांना देऊ नये. अंडी दुधाबरोबर ७१ अंशांपर्यंत शिजवून केलेले मात्र चालते. बिनमद्याचे पेयही मद्याइतकेच देखणे असावे, त्याच काचेच्या पेल्यात असावे, म्हणजे जे पीत नाहीत त्यांना खुलासे करत बसावे लागत नाहीत.

मांडून ठेवलेले शिजवलेले अन्न, मांस, अंडी आणि क्रीमचे पदार्थ खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो आणि पार्टी अंगणात होते. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर ही मुदत एका तासावर येते. उपाय सोपा आहे: एकच मोठे भांडे मांडण्याऐवजी दोन लहान भांडी करावीत आणि दुसरे फ्रीजमधून नंतर काढावे. प्रत्येक पदार्थापुढे नावाची चिठ्ठी असावी आणि तिच्यावर सुकामेवा, दूध, अंडे, गहू, मद्य यांपैकी जे असेल ते लिहावे. मार्शमेलो आणि जेलीत बहुधा जनावरांपासून केलेले जिलेटिन असते, याची शाकाहारी पाहुण्यांना कल्पना द्यावी. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाताला अख्खे दाणे आणि काजू-बदाम लागू देऊ नयेत, द्राक्षे त्यांना उभी चिरून द्यावीत. घरात कुत्रा असेल तर चॉकलेट आणि मनुकांचा केक उंचावर ठेवावा, कारण दोन्ही त्याला विषारी असतात.

सजावट

सजावटीत सगळे घर भरण्यापेक्षा तीन जागा निवडाव्यात: प्रवेशद्वार, जेवणाचे टेबल आणि फोटो काढले जातील असा एक कोपरा. खोलीतला वरचा प्रखर दिवा बंद करून दिव्यांच्या माळा आणि एक-दोन टेबललॅम्प लावले की साध्या खोलीचेही रूप पालटते. रंग दोन किंवा तीनच ठेवावेत. टेबलावर मध्यभागी ठेवायची सजावट बसलेल्या माणसाच्या हनुवटीपेक्षा खाली असावी, नाहीतर समोरच्याशी बोलायला माना वाकड्या कराव्या लागतात.

येशूजन्माच्या गोठ्याचा देखावा मांडायची प्रथा असेल तर ते काम मुलांकडे द्यावे आणि नंतर त्यात दुरुस्त्या करू नयेत, गव्हाणीजवळ डायनोसॉर उभा दिसला तरीही.

खरे झाड आणले असेल तर उभे करण्यापूर्वी खोडाचा तळ दोन-तीन सेंटिमीटर कापावा, म्हणजे ते पाणी शोषते, आणि पाणी रोज पाहावे. वाळलेले झाड फार लवकर पेट घेते. कोणतेही झाड हीटर किंवा शेकोटीपासून निदान एक मीटर दूर असावे. मेणबत्ती पेटणाऱ्या कोणत्याही वस्तूपासून ३० सेंटिमीटर अंतरावर असावी, आणि मुले असलेल्या घरात सरळ बॅटरीवरच्या मेणबत्त्या वापराव्यात. मात्र त्यांतल्या बटणासारख्या चपट्या सेलचे झाकण स्क्रूने बंद होते का, हे तपासावे. असा सेल मुलाने गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते, त्यामुळे नुसती शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठावे.

भेटवस्तू आणि खेळ

सर्वांनी सर्वांना भेट देण्याऐवजी सिक्रेट सांता, म्हणजे चिठ्ठीत आलेल्या एकालाच गुपचूप भेट देण्याचा प्रकार, ठेवावा आणि रकमेची वरची मर्यादा स्पष्ट सांगावी. चिठ्ठ्या एका टोपीत टाकून उचलण्याची जी नेहमीची पद्धत आहे तिच्यात एक गमतीदार अडचण आहे: माणसे कितीही असोत, निदान एकाला तरी स्वतःचेच नाव येण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के असते, आणि मग पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा तेच. त्यावर एक सुरेख तोड आहे. जितकी माणसे तितक्या सारख्या आकाराच्या पट्ट्या कापाव्यात. पहिल्या पट्टीच्या वरच्या भागात ‘तुम्ही १’ आणि खालच्या भागात ‘भेट १ ला’, दुसरीवर तसेच २, असे लिहित जावे. पट्ट्या उलट्या करून पिसाव्यात, एका रांगेत मांडाव्यात आणि न पाहता मधोमध कापाव्यात. आता खालच्या तुकड्यांची रांग एक घर उजवीकडे सरकवावी आणि शेवटी उरलेला तुकडा पहिल्या जागी आणावा. वरखाली आलेले दोन-दोन तुकडे एकेका पाकिटात घालून वाटावेत. प्रत्येकाने आपला वरचा क्रमांक पाहून भिंतीवरच्या यादीत त्या आकड्यापुढे आपले नाव लिहायचे, आणि खालच्या क्रमांकापुढे ज्याचे नाव येईल त्याच्यासाठी भेट आणायची. स्वतःचे नाव येणे अशक्य होते, आणि चिठ्ठ्या करणाऱ्यालाही कोण कोणाला देणार हे कळत नाही.

पाहुण्यांची एकमेकांशी ओळख नसेल तर अदलाबदलीचा खेळ अधिक रंगतो. प्रत्येकाने कोणालाही चालेल अशी एक वस्तू गुंडाळून आणायची, चिठ्ठीने क्रम ठरवायचा, पहिल्याने एक भेट उघडायची, पुढच्याने नवी उघडायची किंवा आधीच्याची हिसकावायची. ज्याची गेली त्याने नवी उघडावी किंवा तिसऱ्याची घ्यावी, पण गेलेली वस्तू त्याच फेरीत लगेच परत घेता येत नाही, आणि एखादी वस्तू तीनदा हात बदलली की ती तिथेच कायम होते. हे दोन नियम आधी सांगितले नाहीत तर खेळ संपतच नाही आणि कधीकधी खरोखरच रुसवे होतात. लहान मुलांना या खेळात घेऊ नये. हाती आलेली वस्तू हिसकावली जाणे त्यांना विनोद वाटत नाही.

प्रश्नमंजूषा ठेवायची असेल तर चमू वयाने मिसळावेत, आजी आणि नातू एका बाजूला, आणि प्रश्न असे असावेत की उत्तर ठाऊक नसले तरी अंदाज बांधता यावा. नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र कोणत्या वर्षाचे? १८४३, लंडनमध्ये हेन्री कोल यांनी करवून घेतलेले. गोठ्याचा जिवंत देखावा इटलीतल्या ग्रेच्चो गावात कोणी उभा केला? असिसीचे संत फ्रान्सिस, १२२३. झाडावर विजेचे दिवे प्रथम कधी लागले? १८८२ मध्ये न्यूयॉर्कला, एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांच्या घरी. १९६८ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी तीन माणसे कोणाभोवती फिरत होती? चंद्राभोवती, अपोलो ८ मधून. सांताच्या रेनडिअरना भर डिसेंबरात शिंगे दिसतात, मग ते नर की मादी? बहुधा माद्या, कारण पूर्ण वाढलेले नर हिवाळ्याच्या सुरुवातीलाच शिंगे टाकतात. या शेवटच्या प्रश्नावर हमखास वाद होतो, तो होऊ द्यावा.

सांता येणार असेल तर त्या भूमिकेसाठी मुलांनी रोज न पाहिलेला माणूस निवडावा. चष्मा, घड्याळ आणि बूट यांवरून मुले काका चटकन ओळखतात. प्रत्येक भेटीवर नाव ठळक लिहिलेले असावे, पिशवी आधीच घराबाहेर ठेवलेली असावी, आणि जे मूल घाबरेल त्याला मांडीवर बसवण्याचा हट्ट धरू नये. न सांगता आलेल्या मुलासाठी नाव न घातलेल्या दोन भेटी जादा ठेवाव्यात. खेळ एकूण दोन किंवा तीनच असावेत, आणि त्यांच्यामध्ये नुसत्या गप्पांना भरपूर वेळ सोडावा. गाणी म्हणायची असतील तर सर्वांना येणारी चार-पाच निवडून त्यांचे शब्द मोठ्या अक्षरांत छापून ठेवावेत. पहिले कडवे सगळ्यांना येते, दुसऱ्याला आवाज बसतात.

पार्टीचा दिवस

सकाळी घर झाडून, स्वच्छतागृहात जादा कागद आणि टॉवेल ठेवून, कोट व पिशव्यांची जागा ठरवून मोकळे व्हावे. पाहुणे येण्याच्या दोन तास आधी कचऱ्याचे डबे आणि भांडी धुण्याचे यंत्र किंवा सिंक रिकामे करावे. भरलेल्या सिंकने सुरू झालेली पार्टी शेवटपर्यंत यजमानाच्या मानगुटीवर बसते. एक तास आधी आंघोळ करून कपडे बदलावेत, कारण पहिला पाहुणा वेळेच्या दहा मिनिटे आधीच येतो. अर्धा तास आधी दिवे, संगीत आणि गरम पेय सुरू करावे. संगीताचा आवाज असा असावा की बोलताना कोणाला आवाज चढवावा लागू नये.

पेये आणि खाऊ वेगवेगळ्या टोकांना मांडावेत. एकाच टेबलावर दोन्ही ठेवले की तिथे गर्दी होते आणि बाकीची खोली रिकामी राहते. लवकर येणाऱ्या लाजऱ्या पाहुण्याला काम द्यावे, पेये ओतण्याचे किंवा आलेल्यांचे कोट घेण्याचे. त्याचा संकोच जातो आणि यजमानाचा एक हात मोकळा होतो. जेवणाला पंधरा मिनिटे उशीर झाला तर कोणाच्या लक्षात येत नाही, मात्र यजमानाने चार वेळा माफी मागितली तर सर्वांच्या लक्षात येतो. एखादा खेळ रंगला नाही तर तो निमूटपणे आवरून केक कापायला घ्यावा.

या दिवसांत नुकतेच कोणाचे जवळचे माणूस गेलेले असू शकते, किंवा कोणी घरापासून दूर असू शकते. अशा पाहुण्याला हसण्याचा आग्रह न करता बाजूची एक शांत खोली दाखवून ठेवावी. वाहन चालवणाऱ्यांनी मद्य घ्यायचे नाही हे पार्टीच्या आधी ठरावे, आणि ज्यांनी घेतले त्यांची घरी जाण्याची किंवा राहण्याची सोय झाल्याशिवाय त्यांना दारातून सोडू नये.

आवराआवर

ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी कॉफी द्यावी आणि संगीत मंदावावे, म्हणजे न सांगता इशारा जातो. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलेलेच उरलेले अन्न ठेवावे, ते उथळ डब्यांत भरावे म्हणजे लवकर गार होते, तीन-चार दिवसांत संपवावे आणि खाताना वाफा येईपर्यंत गरम करावे. पाहुण्यांबरोबर द्यायचे असेल तर रिकामे डबे आधीच जमवलेले असावेत. त्या रात्री फक्त अन्न, पेले आणि कचरा एवढेच आवरावे. बाकी सगळे सकाळवर टाकून झोपावे.

दुसऱ्या दिवशी फोटो पाठवताना मुलांचे फोटो त्यांच्या पालकांना विचारल्याशिवाय समूहात टाकू नयेत. काय उरले, काय कमी पडले आणि बर्फ किती लागला हे त्याच आठवड्यात वहीत टिपून ठेवावे. दिव्यांच्या माळा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून, बंद पडलेल्या वेगळ्या काढून, मगच खोक्यात भराव्यात आणि त्या वहीतले पानही त्याच खोक्यात वर ठेवावे.